खालचा आकडा

देसांकाने राडिसावच्या दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोप कानांत घातला आणि रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. राडिसाव उद्याच्या लाकूडतोडीबद्दल बोलतच होता. ‘तोंड मिट,’ ती म्हणाली, आणि त्याने मिटलं. बाह्या वर सारून बाकावर बसलेले शेजारीही गप्प झाले.

दवाखान्यातली नर्सची नोकरी संपून जमाना लोटला, तरी झ्लाटार डोंगराच्या पायथ्याचं ते गाव रविवारी सकाळी रक्तदाब मोजायला तिच्याच स्वयंपाकघरात जमायचं. मोजण्याआधी कॉफी मागायची कोणाची टाप नव्हती. कॉफीने आकडा फुगतो. आणि काय सुरेख समजावलं होतं बाईने सगळ्यांना! हृदय मुठीसारखं आवळून रक्त ढकलतं तेव्हाचा जोर वरचा; ते सैल पडून पुन्हा भरतं तेव्हा रक्तवाहिन्यांत उरतो तो खालचा. आवळलेल्या पट्ट्याने दंडातलं रक्त अडतं. हवा सोडत गेलं की ते फटीतून घुसायला लागतं आणि ठोके ऐकू येतात. वाट पुरती मोकळी झाली की रक्त मुकाट वाहतं. ठोके सुरू होतात तिथे वरचा आकडा, थांबतात तिथे खालचा. गावातल्या म्हाताऱ्यांनाही हे तोंडपाठ होतं.

सून यागोदा चुलीपाशी उभी होती. सासूची बोटं राडिसावच्या मनगटावर होती. या हिवाळ्यात ती सगळ्यांचीच नाडी धरून मोजायची. हवा सोडताना नाडी बोटांना परत लागली की वरचा आकडा कळतो, पण खालच्याला कान लागतात, आणि सासूला घरात चार हाका माराव्या लागत. तरी गावात ज्याचा त्याचा खालचा आकडा कसा, तर झकास. यागोदा बोलणार कुठून? त्या यंत्रावरची धूळ पुसायचीही तिला मुभा नव्हती.

‘वरचा चढलाय,’ देसांका म्हणाली.

राडिसावची बायको मिलुंका पुढे सरकली. त्याचं डोकं कालपासून ठणकत होतं. ‘आणि खालचा? उद्या रानात जाऊ देऊ ना याला?’ तिने मोठ्याने विचारलं.

देसांकाने तोंड उघडलं. राडिसावच्या लालभडक डोळ्यांकडे पाहिलं. मग स्टेथोस्कोप काढून मांडीवर ठेवला.

‘मला ठोके ऐकू येत नाहीत. या हिवाळ्यात तुम्हा सगळ्यांचा खालचा आकडा मी अंदाजाने सांगितला.’

मिलुंका भडकली. माणसांच्या जिवाशी खेळलीस, म्हणाली, आणि आणखीही बरंच म्हणाली. देसांकाने सुनेला हात केला.

‘ये इकडे. तुझे कान धड आहेत.’

यागोदाने पुन्हा हवा भरली, सोडली. आणि आला की ठोका! लांब आत कुठेतरी आवळलेली ती एवढीशी मूठ, आणि तिचा धक्का थेट आपल्या कानात. तिचे डोळेच भरून आले. पण पारा अजून बराच वर होता तोच ठोके थांबले. नव्वदच्या आत हवा तो खालचा आकडा एकशे अठरा, असं तिने मोठ्याने सांगितलं, आणि देसांका ताडकन उठली. मला काही झालेलं नाही, असं राडिसाव ओरडत असतानाच त्याला गाडीत घालून शहरात इस्पितळाकडे धाडलं.

यागोदाला वाटलं, आता बाकीचे उठून जातील. कोणीही हललं नाही. तिने एकेकाचा नव्याने मोजला. देसांका शेजारी बसून पट्टा कुठे बांधायचा, हवा किती सावकाश सोडायची ते सांगत होती.

सगळे गेल्यावर देसांकाने आपली बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. त्या हाताचा दाब आजवर कोणी मोजला नव्हता.

यागोदाने मोजला. पाऱ्याकडे पाहून जरा थांबली. मग तोंड सासूच्या कानाशी नेलं.

‘चांगला आहे, आई.’

देसांकाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

‘खरा सांग,’ ती म्हणाली. ‘मी सांगत होते तसा नको.’