दोन म्हशी, एक तेलाचा डबा

एका दावणीला दोघी, जशा बहिणी बहिणी
एकीला वाढू कशी, दुजीच्या डोळां पाणी

जनकाबाई धार काढताना ही ओवी म्हणायची. सहा आठवडे मी ती रोज सकाळी ऐकली, सुरावर मान डोलवली. अर्थ डोक्यात शिरला नाही.

साल एकोणीसशे पंचाहत्तर. कुरुंद्याजवळच्या एका गावात, बौद्धवाड्यातल्या जळबा आणि त्याची बायको जनकाबाई यांच्या दोन म्हशींवर माझा प्रयोग चालला होता. म्हैस ढेकर देते त्यातून मिथेन नावाचा वायू जातो, आणि त्याच्याबरोबर चाऱ्यातला जोरही. पेंडीत जवसाचं तेल घातलं तर वायू कमी होतो, जोर दुधात उतरतो, असं आमच्या कॉलेजातले सर सांगत. ढेकर मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून मी दूध मोजायचो. रोज संध्याकाळी जनकाबाईनं चंद्रीच्या पेंडीत वाटीभर तेल घालायचं, बिजलीला नुसती पेंड. फरक दिसला तर कॉलेजातली जागा माझी.

"ढेकराचा हिशेब ठेवायला सरकार पगार देतं व्हय?" जळबा हसायचा. "मग माहा बी लिहा की, साहेब!"

जनकाबाई दर सकाळी विचारायची, "च्या ठेवू?" मी म्हणायचो, "नको बाई, पित्त होतं." माझं पाणी सायकलला टांगलेल्या फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात असायचं.

शेवटच्या दिवशी वहीतल्या रोजच्या आकड्यांची बेरीज केली. दोन्ही म्हशींचं दूध सारखंच वाढलेलं. थेंबाचा फरक नाही.

"बाई, तेल कुणाला घातलं?"

"दोघींला. अर्धं अर्धं."

माझा तोल सुटला. "काहून? शंभरदा सांगितलं ना, एकीलाच! एवढीशी गोष्ट कळत नाही? सहा आठवडे मातीत घातले माझे!"

जळबाचं हसू विझलं. जनकाबाईनं दुधाची कासंडी खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"कळत व्हतं, साहेब. पन एकीच्या घमेल्यात तेलाचा वास, अन् दुसरी मान लांब करून बघून राहिली. माह्यानं न्हाई झालं." तिनं बिजलीच्या पाठीवर हात ठेवला. "लहानपनी माहेराला पाटलाघरचं लगीन व्हतं. समद्या पंगती उठल्यावर आमाला गोठ्यामागं बसवलं. लोकाच्या पत्रावळीवर तुपाची धार पाह्यली, आमच्यावर कोरडा भात. तवाच ठरवलं, माह्या हातून असं कुनाला वाढायचं न्हाई. तुमाला सांगाया पायजे व्हतं. चुकलंच."

चुकलं म्हणाली ती. आणि माझी नजर गेली सायकलकडे. उन्हात तांब्या लखलखत होता, सहा आठवडे जसा लखलखत होता तसाच. पित्त मला कधीच नव्हतं. तिला ते पहिल्याच सकाळी कळलं असणार. तरी ती रोज विचारत राहिली.

कान तापले.

"बाई, पाणी द्या."

ती सायकलकडे बघून हळूच म्हणाली, "तुमीच घ्या साहेब. तांब्याला म्या कवा हात लावला न्हाई." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी तांब्या काढला, फिरकी उघडली, आतलं पाणी बिजलीपुढच्या घमेल्यात ओतलं. मग रिकामा तांब्या दोन्ही हातांत धरून तिच्या रांजणापासून चार पावलं दूर उभा राहिलो, खाली मान घालून, कुणीतरी वरून ओतेल म्हणून.