दाराला लावलेली वीट

आमची कंपनी स्फोट सोसणाऱ्या पोलादी खोल्या भाड्याने देते. कारखान्यात मोठी दुरुस्ती निघाली की ट्रेलरवरून नेऊन ठेवायच्या, काम सरलं की उचलून आणायच्या. ही ठेव-उचल माझ्याकडे. शेजारी स्फोट झाला तरी आतली माणसं वाचावीत, एवढ्यासाठी त्या खोल्या. पण दार लावलेलं असेल तरच. उघड्या दाराची खोली म्हणजे नुसता डबा.

त्या खेपेला खोलीत वायरलेसवर माझी सूनच बसायची. आणि दाराला वीट लावून ठेवायची.

"पुन्हा वीट दिसली," सेफ्टीचे साहेब तिला म्हणाले, "तर इथे दुसरी बाई बसेल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "अगं, आत एसी आहे. मग दार उघडं कशाला?"

"बाबा, दार लागलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. खिडकीसुद्धा नाही. अडकले तर? पण हे काम मला सोडायचं नाहीये."

मन घट्ट कर, असं सांगून मी मोकळा झालो असतो. पण ती खोली मीच आणून ठेवलेली, दार माझ्याच हातचं. जेवणाच्या सुट्टीत तिला आत उभं केलं, मी बाहेर. आतला आडवा दांडा ढकलला की दार उघडतं. कुलूप नाही, किल्ली नाही.

"लाव. उघड. लाव."

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट लावू."

क्रेनवाल्याला सगळे पैलवान म्हणत. तो वरून ओरडला, "काका, सुनेला घरात घेताय की बाहेर काढताय?"

ती हसली. पण बंद दाराआड फार वेळ टिकेना. मी वळलो तशी वीट परत जागेवर.

दुपारी भोंगा झाला. गॅस गळत होता. माणसं धावत खोलीत शिरली. मी लांब ट्रेलरपाशी, आणि माझे गुडघे म्हणजे उसने आणलेले.

"दार लाव गं, सगळ्यांना मारशील!" आतून पैलवान ओरडला.

ती दार धरून उभीच. "बाबा, या लवकर!"

मी आत कोसळलो. तिने पायाने वीट उडवली आणि दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं.

मग धडाका झाला. खोली हादरली, दिवे गेले. अंधारात कुणीतरी धापा टाकत होतं. मला वाटलं, सूनच.

"दादा, श्वास सोडा. हळू," तिचा आवाज आला. "दांडा माझ्या हाताखालीच आहे."

धापा पैलवानाच्या होत्या.

धोका टळल्याचं वायरलेसवर कळलं तेव्हा तिने दांडा ढकलला. दार कुरकुरलं, पण उघडलं. बाहेर साहेब उभे, चेहरा पांढराफटक.

"दार कुणी लावलं?"

"मी," ती म्हणाली. "उद्याही तुम्हीच बसा," साहेब म्हणाले.

संध्याकाळी तिने ती वीट शोधून माझ्या ट्रेलरच्या चाकाला लावली.

"नवी खोली आणाल ना, तेव्हा पुन्हा लाव-उघड करायचं, बाबा. दार लागलं की अजून होतंच तसं."

"करू की," मी म्हटलं.