सरकलेला लाल

छापखान्यात माझ्या बाबांना सगळे 'केसभर' म्हणायचे. टपाल तिकिटांच्या मशीनवर लाल रंग काळ्या रेषेबाहेर केसभर जरी सरकला, तरी ते मशीन थांबवायचे. घरात भिंतीवरचा फोटो तिरका दिसला तर त्यांना घास गोड लागत नसे. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे डोक्याला ताप, आईला विचारा.

छापलेले ताव तपासायला आत्या बसायची, बाबांची धाकटी बहीण. एकदा भिंग डोळ्याला लावलं की ती कुणाची गय करायची नाही. पक्ष्याच्या तिकिटाची छपाई सुरू झाली आणि पक्ष्याच्या छातीचा लाल रंग त्याच्या चोचीवर जाऊन बसायला लागला. असं एखादं तिकीट बाहेर निसटलं तर शौकीन लोक त्यावर जीव टाकतात. छापखान्यात मात्र चुकलेला ताव लगेच फाडायचा आणि साहेबांना कारण सांगायचं.

कारण आत्याला कळत होतं. दुसऱ्या मशीनवर तोच कागद सुतासारखा सरळ चालला होता. पण निवृत्ती तोंडावर आलेल्या भावाला मशीनवरून उतरवलं तर तो खचेल, याची तिला धास्ती. म्हणून ती दर वेळी सांगायची, "कागद दमट आहे. ताणला जातोय."

दमट कागद ताणला जातो हे खरंच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. सगळ्यांत जास्त बाबांना. "कागद सांभाळतोस की पोहायला नेतोस?" म्हणून त्यांनी गोदामवाल्याला असं फैलावर घेतलं, की तो बिचारा गठ्ठ्यांशेजारी हीटर लावून बसला. आई म्हणायची, एकदा डोळे दाखवून या. "डोळ्यांना काय धाड भरलीय?" की विषय संपला.

शेवटी जिन्यात बाबांचा पाय चुकला, तेव्हा आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आत्याही आली.

"सरळ रेषा वाकड्या दिसायच्या का?" तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"दिसायच्या की! तावाच्या कडेच्या, रंग जुळवायच्या खुणासुद्धा. कागद दमट असला की होतं तसं."

"तेव्हाच आला असतात तर इंजेक्शनं देता आली असती. आता दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर व्रण झालेत. गेलेली नजर परत येणार नाही."

मला आत्याचा असा संताप आला, की तिथेच तिला फाडून खावं. पण तिच्याकडे वळले आणि तिच्या तोंडाकडे बघवेना.

बाबांना ते तोंड दिसत नव्हतं. ते डॉक्टरांचीच समजूत घालत होते. "अहो, डोळ्यांचं असतं तर आधीच कळलं असतं. तपासायला माझी सख्खी बहीण होती. तिने माझी चूक कधी पोटात घातली नाही. विचारा तिला."

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "कागद कोरडाच होता रे."