रुमालाचा खण

नाकाचा माणूस म्हणून गावभर नाव व्हावं आणि नेमक्या नाकानेच दगा द्यावा, याला काय म्हणायचं? ओनोरे शाव्हानचं तसंच झालं होतं. मार्चमध्ये चार दिवस ताप आला, उतरला, आणि उतरताना सगळे वास घेऊन गेला. कॉफीचा वास नाही, साबणाचा नाही, स्वतःच्या कोटाचासुद्धा नाही. जिभेवर खारट, आंबट, गोड, कडू एवढं उरलं. बाकी अन्न म्हणजे गरम किंवा गार, मऊ किंवा चिवट. याला आता आठ महिने झाले होते आणि त्याने ही गोष्ट एकाही जिवंत माणसाला सांगितली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची!

सांगणार तरी कसं? ल्यों शहरातल्या न्याहारी मंडळीचा तो बावीस वर्षं पंच होता. दर गुरुवारी सकाळी नऊला मंडळीचे तीन पंच कुठल्या तरी जुन्या खाणावळीत जाऊन बसायचे आणि पूर्वी रेशमाचे विणकर पहाटेचा माग थांबवून जेवायचे तसं दाबून जेवायचे. वजडी, सॉसेज, मसूर, आणि जाड बुडाच्या बाटलीतली लाल वाइन. जिथलं जेवण तिघांनाही पटेल, तिथल्या दारावर मंडळीची पितळी पाटी लागायची. पाटी हाताला मिळते, घराला नाही. रांधणारी गेली की पाटी उतरवायची, पुढच्या हाताने ती पुन्हा मिळवायची. पंचांसाठी दोन नियम होते. ज्याचं नाक गेलं त्याने खुर्ची सोडायची. आणि पंचाने कुठल्याही खाणावळीत रुमालाचा खण घ्यायचा नाही.

खण म्हणजे भिंतीवरच्या लाकडी मांडणीतला वीतभर कप्पा. रोजच्या गिऱ्हाइकाचा जेवणाचा रुमाल त्यात घडी घालून राहतो, खाली नंबर असतो. गिऱ्हाईक येतं, आपला रुमाल आपण काढतं, गळ्यात खोचतं, जाताना परत ठेवतं. ल्योंमध्ये खण असणं म्हणजे कुणीतरी आपली वाट बघत असणं. ओनोरेला तो कुठेच नव्हता. लग्न केलं नाही, बहीण होती ती मार्सेयला गेली. उरला गुरुवार. शुक्रवार ते बुधवार हे सहा दिवस त्याच्या लेखी गुरुवारकडे जाणारा जिना होते. तो गुरुवारच गेला तर या माणसाने करायचं काय, खिडकीत बसून कबुतरं मोजायची?

म्हणून तो ढोंग करत होता. मला विचाराल तर त्यात वाईट काही नव्हतं, पण त्याला वाईट वाटायचं, हेही खरं.

त्या नोव्हेंबरातल्या गुरुवारी सोन नदीवरून धुकं चढून वर टेकडीपर्यंत आलं होतं. ओनोरे पायीच निघाला. चाळीस वर्षं त्याने याच रस्त्यांवर बस चालवली होती आणि सगळं शहर त्याला वासाने पाठ होतं. चौकातल्या पहिल्या थांब्यावर भाजणारा पाव. दुसऱ्यावर लसूण आणि लोणी, कारण त्या गल्लीतली म्हातारी सकाळी सातलाच गोगलगाईंच्या शंखात ते भरायला घ्यायची. खाली बोगद्यासारख्या बोळातून बाहेर पडलं की ओला दगड, आणि मग एकदम भाजलेली कॉफी. तेव्हा प्रवासी म्हणायचे, ओनोरे डोळे मिटूनसुद्धा गाडी बरोबर थांबवील.

आता धुक्यात काहीच दिसत नव्हतं आणि काहीच येत नव्हतं. पण गंमत बघा, पावाच्या दुकानापाशी त्याचे पाय आपोआप मंद झाले. काचेतला पिवळा उजेड दिसला आणि आत कुठेतरी खोल, नाकाच्याही मागे, पाव भाजल्याचा वास जागा झाला. आजचा नाही. तो होता चौऱ्याऐंशी सालातल्या एका डिसेंबरचा. पुढच्या गल्लीत लसूण आला, सोबत ती म्हातारीही आली, अॅप्रनला हात पुसत, जी आता पंधरा वर्षं मातीत आहे. तिने त्याला हात केला. ओनोरेनेही टोपीला हात लावला, मग इकडेतिकडे बघून ओशाळला. असं त्याचं हल्ली रोजचं झालं होतं. शहर धुतल्यासारखं कोरं झालं होतं आणि त्यावर जुनं शहर हळूच पाझरत होतं. खरं सांगायचं तर त्याला ते आवडू लागलं होतं.

आजची खाणावळ नदीकाठच्या उतारावर होती, पेरीन गोनेची. पेरीनची आई ही खाणावळ चालवायची तेव्हा सारं शहर तिला 'आई गोने' म्हणायचं, बँकेचे साहेबसुद्धा. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि नियमाप्रमाणे पाटी उतरली. दारावर खिळ्यांची चार भोकं उरली होती. पेरीनने दाराला नवा रंग दिला, पण ती भोकं बुजवली नव्हती. ओनोरे त्यांच्यासमोर क्षणभर थांबला, मग त्याने दार ढकललं.

"आलास का बाबा? आम्हाला वाटलं, धुक्याने गिळलं तुला," आतून जोसरां ओरडला. जोसरां हा दुसरा पंच, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, नियमाला पक्का आणि बोलायला तिखट. तिसरी क्लेमांस, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण, जेवताना अवाक्षर न बोलणारी.

"धुकं मला गिळत नाही, मीच त्याला गिळून आलो. अळणी आहे," ओनोरे म्हणाला.

आजवर त्याला तारलं होतं जोसरांच्या डाव्या भुवईने. मंडळीचा रिवाज असा की सगळ्यात जुना पंच, म्हणजे ओनोरे, आधी बोलणार आणि तोवर बाकीचे गप्प. पण जोसरांचं तोंड गप्प बसलं तरी भुवई बसायची नाही. पदार्थ बिघडला की ती वर जायची. ओनोरे समोर बसून ती वाचायचा आणि मग गंभीरपणे निकाल द्यायचा. आठ महिन्यांत एकदाही चुकला नव्हता. पण आज पेरीनने त्यांना खिडकीजवळचं अरुंद टेबल दिलं होतं. भिंतीला लागून एकच बाक, त्यावर डाव्या हाताला ओनोरे, मग जोसरां, आणि समोर क्लेमांस. ओनोरेला जोसरांचा गाल दिसत होता, मिशी दिसत होती, पण ती भुवई? मधे जोसरांनेच टोपीची कड तिथवर ओढली होती, खिडकीच्या फटीतून गारवा येतो म्हणून!

"टोपी काढ की लेका, जेवताना टोपी घालतात का?"

"टक्कल गार पडतं. तू तुझ्या ताटात बघ."

पेरीन मसुराची कोशिंबीर घेऊन आली. पन्नाशीला टेकलेली, आईसारखीच रुंद खांद्यांची. तिच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. "बोंजूर मंडळी," ती म्हणाली आणि पटकन आत वळली. मसूर शिजले होते, अख्खे होते. मग सॉसेज आलं, त्यातला पिस्ता दाताखाली कुरकुरला. मग लसूण आणि हिरवी पात घालून फेटलेलं ताजं चीज, ज्याला इथे 'विणकराचा मेंदू' म्हणतात. तेही गार आणि रेशमासारखं उतरलं. ओनोरेच्या जिवात जीव आला.

शेवटी आली वजडी. कांद्यात परतलेली, वर व्हिनेगर शिंपडलेली, काळ्या लोखंडी तव्यासकट टेबलावर. आई गोनेची ओळख म्हणजे हीच. आतापर्यंत पेरीन वाढून लगेच आत जात होती, आता मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, अॅप्रनचा कोपरा मुठीत धरून.

ओनोरेने घास घेतला. मऊ, चिकट, गरम. आंबटपणाची एक रेघ. आणि त्याने डोळे मिटले तेवढ्यात ते झालं. खिडकीबाहेरचं धुकं आत आलं, टेबलं विरघळली, भिंत पिवळी होती ती पुन्हा हिरवी झाली. तो तीस वर्षांचा होता, बसचा गणवेश घातलेला, पाठीवर पहाटेची थंडी. आई गोने तवा आपटत समोर उभी होती. "खा रे, वाळका बोंबील, खा!" ती म्हणत होती. आणि वास! कांदा सोनेरी होतानाचा, लोण्याचा, व्हिनेगर तापल्यावर नाकात चढतो तो सणसणीत वास. सगळा होता. एक कणही कमी नव्हता. ओनोरेचे डोळे भरून आले.

"हे," तो म्हणाला, "हे अगदी आई गोनेच्या हातचं आहे. तीच चव. पोरी, तुझ्या आईने तवा तुझ्या हातात नुसता दिला नाही, हातच दिला. माझं मत तुला."

त्याने डोळे उघडले. शेजारच्या टेबलावरचे दोघे पावाचा तुकडा हातात धरून त्याच्याकडे बघत होते. क्लेमांसने काटा खाली ठेवला होता. जोसरांने सावकाश टोपी काढली आणि ओनोरेला ती भुवई दिसली. ती टकलाच्या दिशेने पार वर गेली होती.

पेरीनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"भीक घालताय मला?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय विचारता, मस्यू शाव्हान? करपलंय ते! तळाशी कांदा पार कोळसा झालाय. कालपासून झोप नाही, हात कापत होते, तवा उचलायला गेले तर मनगट भाजलं, आणि तेवढ्यात लागलं. सगळ्या खोलीत वास भरलाय. दुसरं करायला वजडीच उरली नव्हती, म्हणून म्हटलं, जे आहे ते पुढे ठेवावं आणि 'नाही' ऐकून घ्यावं. आणि तुम्ही डोळ्यांत पाणी आणून म्हणता, आईच्या हातचं! माझ्या आईच्या हातून जन्मात काही करपलं नाही. बाई एकटी आहे, द्या टाकून पाटी तिच्यापुढे, असंच ना? नको मला तसली पाटी. ती भोकं तशीच राहिली तरी चालतील!"

आता बघा, ओनोरेला गप्प बसता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, हो बाई, दया आली, चुकलं माझं. जोसरांने दोन शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या गुरुवारी तो पुन्हा पंच म्हणून बसला असता. खुर्ची वाचली असती. पण समोर ती बाई अॅप्रनने डोळे पुसत होती, आणि आपल्या कामाची कुणी कीव केली हे ओझं ती म्हातारपणापर्यंत वाहणार होती. ते ओनोरेला सहन झालं नाही.

"पेरीन," तो म्हणाला, "मला वासच आला नाही."

"काय?"

"करपल्याचा. कशाचाच येत नाही. मार्चपासून. ताप आला होता ना, तेव्हा गेला." त्याने जोसरांकडे बघितलं नाही. "मी खोटं बोललो नाही गं. मला तुझ्या आईची वजडी लागली, खरंच लागली. पण ती तव्यातली नव्हती. दया वगैरे काही नाही, मी नुसता लबाड आहे. आठ महिने या जोसरांची भुवई बघून निकाल देतोय."

"माझी भुवई?" जोसरांने कपाळाला हात लावला.

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. जोसरांने वाइनची बाटली बाजूला सारली. मग घसा खाकरून म्हणाला, "गाढवा. मला तरी सांगायचंस." आणि लगेच, खालच्या आवाजात, "पण नियम नियम आहे, ओनोरे."

"माहीत आहे मला."

"आजचं मत रद्द. पेरीनबाई, नवा पंच नेमला की आम्ही पुन्हा येऊ. तवा सांभाळा."

"या," पेरीन म्हणाली. "तेव्हा ऐकून घेईन, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

ओनोरेने कोटावरची मंडळीची हिरवी फीत काढून टेबलावर ठेवली. मग गळ्यातला रुमाल काढला आणि नीट घडी घालायला लागला. चौकोन झाला, छोटा चौकोन झाला. बावीस वर्षं त्याने तो असाच घडी घालून खिशात ठेवला होता. आज घडी संपता संपेना, कारण ती संपली की उठावं लागणार होतं. बाहेर धुकं होतं आणि त्यापलीकडे सरसकट सगळे शुक्रवार होते. इतकं एकटं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पेरीनने येऊन तो रुमाल त्याच्या हातातून काढून घेतला.

"आता तुम्ही पंच नाही ना?"

"नाही."

"मग नियमाची अडचण नाही." ती भिंतीपाशी गेली. मांडणीत तीन ओळी खण होते, जवळपास सगळे भरलेले. चौदा नंबरचा रिकामा होता. तिने आत फुंकर मारली आणि रुमाल तिथे सरकवला.

"पेरीन, अगं, मी इथे येऊन करू काय? मला चव कळत नाही."

"जेवा की! बावीस वर्षं नुसतं चाखत फिरलात गावभर. रोज नऊला या. उशीर केलात तर आईसारखी ओरडेन, सांगून ठेवते."

ओनोरेने तव्याकडे बघितलं. तळाशी काळी झालेली वजडी अजून बरीच होती, आणि टेबलावर तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

"फार करपलंय?" त्याने विचारलं.

"फार," पेरीन म्हणाली.

ओनोरे उठला, भिंतीपाशी गेला, चौदा नंबरच्या खणातून स्वतःचा रुमाल काढून गळ्यात खोचला आणि परत येऊन बाकावर बसला.

"मग वाढ," तो म्हणाला.