पाडव्याचा खेळ आणि तिसरं रीळ

गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबा दुपारी जेवायला घरी आले, तेव्हा त्यांच्या बोटांना फिल्म जोडायच्या सोल्युशनचा वास येत होता. भुसावळहून पेट्या आल्या होत्या. सकाळपासून ते एकेक रीळ बोटांतून सोडत बसले होते.

"अकरा ठिकाणी तुटेल होती," ते म्हणाले. "पण पिक्चर लय चांगलं हाय. म्हातारी बाई साठाव्या वर्षी लिहाले शिकते. येशीन?"

"वह्या तपासायच्या हायेत."

"कितीक?"

"चाळीस."

"चाळीस पोरीइनं असं काय लिहून ठेवलं, का उद्याच वाचा लागते?"

मी हसले आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

नांदुऱ्याच्या पत्र्याच्या टॉकीजचे ते ऑपरेटर. मालक रहेमतुल्ला शेठ, पण पाडव्याचा खेळ कोणता हे बाबाच ठरवत. त्यांची अट एकच होती. त्यात कुणीतरी नव्यानं सुरुवात केलेली असावी. शिक्षा भोगून आलेला माणूस पुन्हा नांगर धरतो, पुरात घर गेलेला विणकर नवा माग मांडतो, असं काही. शेठ म्हणायचे, "भगवानराव, पाडव्याले लोकाइले मारामारी पाहिजे." बाबा म्हणायचे, "मारामारी दिवाळीले दाखवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गुढी उभारली आणि टॉकीजवर गेले. तीनचा खेळ सुरू व्हायच्या आधी केबिनमधल्या स्टुलावर बसले ते उठले नाहीत. निरोप आला तेव्हा मी खरोखरच वह्या तपासत होते.

पण न जाण्याचं कारण वह्या नव्हत्या.

त्याच्या साडेचार वर्षं आधी लोणारला माझे यजमान टायफॉईडनं गेले. मी बावीस वर्षांची होते. बाबांनी मला घरी आणलं. सहा महिन्यांनी पाडवा आला. त्या वर्षीच्या सिनेमात एक तरुण विधवा नर्सिंग शिकते. बाबांनी तो माझ्यासाठीच मागवला होता, आणि मी पाहायला येणार म्हणून तिसरं रीळ काढून ठेवलं होतं. त्यात नवरा मरतो.

दुसऱ्या रिळात तो हसतहसत शेतावर गेला. पुढच्या रिळात ती पांढऱ्या लुगड्यात दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "नवरा कुठी गेला बे?"

"मुंबईले पयाला असन."

तंबाखू थुंकून लोक हसत होते. आमच्या बाजूला जनकाबाई बसली होती. बायकांच्या दाराशी तिकिटं फाडण्याचं काम तिच्याकडे असे. तिनं केबिनकडे तोंड करून हाक दिली, "ओ भगवानराव, जावई कुठी ठेवला?" बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तोवर सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी उठले आणि बाहेर पडले.

बाबा घरी आल्यावर म्हणाले, "रीळ खराब होतं." मी "हो" म्हटलं. त्यावर आमचं बोलणं एवढंच झालं. पुढे दर पाडव्याला ते विचारत आणि मी वह्या सांगे. आपल्यावरचा राग हिच्या मनातून गेलेला नाही, असं त्यांना वाटत होतं. ते मला दिसत होतं. मी लायब्ररीतली निम्मी कपाटं वाचून काढलेली बाई. दोन वाक्यं मला सुचत नव्हती असं नाही. उद्या बोलू, म्हणत राहिले.

यंदा पाडव्याच्या आठ दिवस आधी सईद घरी आला. बाबांच्या हाताखाली शिकलेला. आता मशीन तोच चालवतो. दोन लेकरांचा बाप, पण दारातच उभा राहिला.

"ताई, तेच पिक्चर आलं. नर्सवालं. भुसावळले दुसरं भेटलंच नाही."

"बरं."

"तिसऱ्या रिळाचं काय करू? उस्तादनं सांगून ठेवलं होतं, हे पिक्चर कधी बी आलं तर तिसरं लावाचं नाही. मी तवा म्हटलं होतं, उस्ताद, लोक बोंबलतीन. तं म्हणे, बोंबलू दे, माही पोरगी बसली हाय."

मी हातातली वही मिटली. मग म्हटलं, "लाव."

"तुमी येसान?"

"हाव."

पाडव्याच्या दिवशीच बाबांची तिथी. चुलतभावानं सकाळी वर्षश्राद्ध केलं, जेवणं झाली आणि तीन वाजता मी टॉकीजवर गेले. बापाच्या श्राद्धाच्या दिवशी सिनेमाला आलेली बाई पाहून पुढच्या दोघी कुजबुजल्या. जनकाबाईनं त्यांना सरकवून मला जागा केली. "बस बाई," एवढंच म्हणाली.

तिसरं रीळ लागलं. मरण मिनिटभरात आटोपलं. डॉक्टरनं मान हलवली, बायकोनं तोंडाशी पदर धरला. इतकी वर्षं मी ज्याला भ्यायले ते एवढंच होतं. उरलेल्या रिळात त्या मुलीचा बाप तिला न्यायला आला. सासरच्या कुणाशी तो बोलला नाही. ट्रंक बैलगाडीत ठेवून दोरीनं बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. वाटभर त्यानं मागं वळून पाहिलं नाही. एकदा फक्त, समोरच पाहत, पाण्याचा तांब्या मागं दिला.

लोणारहून निघालो तेव्हा कंडक्टरनं माझी ट्रंक टपावर टाकायला सांगितली होती. बाबांनी ऐकलं नाही. मेहकरपर्यंत ती मांडीवर घेऊन बसले. मला नवऱ्याचं मरण दिसू नये म्हणून त्यांनी हा बापही रिळाच्या डब्यात बंद करून ठेवला होता.

रीळ संपलं. मशीन एकच, त्यामुळे पुढचं रीळ चढेपर्यंत दिवे लागतात. मी उठून उभी राहिले आणि केबिनच्या झरोक्याकडे तोंड केलं. बायका माझ्याकडे पाहू लागल्या. पाहू दिलं.

"बाबा," मी मोठ्यानं म्हटलं, "मी तुमच्यावर रागावली नव्हती. तुमी ते रीळ काऊन काढलं, मले तवाच समजलं होतं. मी उठून गेली ते लोकाइच्या लाजेनं."