जाळीवरचा मोह आणि रुखमाबाईंची पाठ

सहाव्या दिवशीचा शेवटचा आकडा वहीत लिहिला आणि दिव्यानी खोब्रागडेला एका जागी उभं राहवेना. जाळीवरचा मोह भुईवरच्या मोहाच्या दीडपट भरला होता. दीडपट म्हणजे काही थोडंथोडकं नाही. कोसरीटोल्याच्या समाजमंदिराच्या ओसरीवर तिनं बेरीज तीनदा केली आणि तीनदा तीच आली. तिनं लगोलग चंद्रपूरला सरांना फोन लावला, तर रेंज नव्हती. नव्हती तेच बरं झालं.

वरोऱ्याची ही मुलगी वनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या या एकतीस घरांच्या गावात महिन्याभरासाठी मुक्कामाला आली होती. प्रश्न गावाचाच होता. मोह वेचायचा तर झाडाखालची भुई साफ हवी, म्हणून लोक पालापाचोळा पेटवून देत. मागच्या साली ती आग पसरली आणि गावाच्या हक्काचा अर्धा बांबू जळून गेला. झाडाखाली जाळी बांधली तर काडी लावायची गरजच नाही, असं दिव्यानीचं म्हणणं. "आन् जाळीवर मोह कमी आला तं?" हा लटारूभाऊंचा प्रश्न. लटारूभाऊ म्हणजे ग्रामसभेचे अध्यक्ष, आणि शंका काढायची तर अख्ख्या पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मोह सरता सरता ग्रामसभा बसणार होती. तोवर लोकांना पटेल असं उत्तर मिळालं नाही तर पुढच्या साली पुन्हा काडी लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दिव्यानीनं प्रयोग अगदी पुस्तकाबरहुकूम मांडला होता. बारा घरं आणि प्रत्येक घराची सारख्या घेराची दोन झाडं. त्यातल्या कोणत्या झाडाखाली जाळी बांधायची ते चिठ्ठी टाकून ठरवलेलं. दुसऱ्याखालची भुई नुसती झाडून घ्यायची. चिठ्ठी एवढ्यासाठी, की माणूस निवडायला बसला तर आपल्या आवडत्या बाजूला चांगलं झाड देतो, आणि मग जिंकलं कोण, झाड की जाळी, ते कळत नाही. रोज सकाळी प्रत्येक घराच्या दोन टोपल्या ओसरीवर यायच्या, काट्यावर चढायच्या आणि वहीत उतरायच्या.

तर अशी हुरळून गेलेली दिव्यानी रुखमाबाईंच्या जाळीच्या टोपलीपाशी बसली आणि आनंदाच्या भरात एक फूल तिनं तोंडात टाकलं. दाताखाली वाळू करकरली.

तिनं दुसरं फूल घेतलं, उजेडात धरून पाहिलं. चिकट पाकळीला मातीचे कण बसले होते. जाळी तर भुईपासून दोन हात वर बांधलेली. तिच्यावर पडलेल्या फुलाला माती लागेलच कशी? तिनं शेजारची टोपली पाहिली, मग त्याच्या पुढची. सगळ्यांत माती होती.

"रुखमाबाई, ही माती कुठून आली?"

रुखमाबाई पासष्टीच्या, काटक, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूण म्हणून नव्हती. "रस्त्यानं येता येता दोन ओंजळी भुईच्या टोपलीतून जाळीच्या टोपलीत टाकून राह्यलो आमी. समदेच टाकते."

"काऊन पण?"

"तुले पास व्हायचं हाय ना, पोरी. आमच्या घरची भाकर खाल्ली तू. नापास होऊन वरोऱ्याले गेली तं आमाले बरं वाटंल का?"

ओसरीवरच्या बाराही घरांच्या माणसांनी माना डोलावल्या. पुण्याचं काम केल्याचं समाधान प्रत्येकाच्या तोंडावर होतं. लटारूभाऊ तेवढे छताकडे बघत होते. दिव्यानीची नजर गेली तसे ते पुटपुटले, "मी बी टाकल्या. थोडक्याच."

जाळीवर सगळ्यात जास्त शंका ज्या माणसाची, त्यानंही टाकल्या होत्या. सहा दिवसांच्या मेहनतीवर पाणी फिरलं. दिव्यानीनं वही खाली आदळली. राग तर सपाटून आला होता, पण काढायचा कुणावर? या माणसांवर, ज्यांनी तिच्यासाठी स्वतःच्या हातानं खोटं केलं?

"परीक्षा माझी नाई, जाळीची हाय," ती शेवटी म्हणाली. वरोऱ्याची बोली रागात आपोआप तोंडात आली. "जाळी नापास झाली तरी मले चालते. पण तुमी ओंजळी टाकल्या, तं जाळीचं खरं काय हाय ते कोणालेच कळत नाई. तुमाले बी नाई."

रुखमाबाईंनी ते बोलणं मनात घोळवलं. मग त्या म्हणाल्या, "मंग हे पयलेच सांगायचं ना. हे तं मासोळीच्या हिश्श्यावानी हाय."

मासोळीचा हिस्सा असा. उन्हाळ्यात मामा तलावाचं, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तळ्याचं, पाणी उतरलं की सगळं गाव मिळून मासे धरतं. पळसाच्या पानांवर सारखे वाटे मांडतात. मग एक जण पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एखाद्या वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" आणि पाठ फिरवलेला माणूस न बघता एका घराचं नाव पुकारतो. कुठल्या वाट्यात मोठा मासा आहे हे पुकारणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे भांडण नाही. आणि पाठ एकदा फिरली की वाट्याला कोणी हात लावत नाही. लावलाच, तर पुढच्या साली त्या घराला तलावावर बोलावणं नाही. पाठ फिरवून उभं राहायला गाव ज्याला त्याला सांगत नाही. अकरा सालं हे काम रुखमाबाईंकडे होतं.

ऐकता ऐकता दिव्यानीनं आदळलेली वही पुन्हा उचलली. जे शिकवायला सरांनी अख्खं सत्र घालवलं होतं, ते हे लोक मासे वाटताना करत होते. आणि ती शहाणी इथे येऊन वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या फाडत बसली होती. "रुखमाबाई," ती म्हणाली, "मोहासाठी पाठ फिरवाल का?"

मोह अजून दहा दिवस पडणार होता. त्याच संध्याकाळी नवा डाव मांडला. आता जाळी एकाच झाडाला बांधून ठेवायची नाही. रोज संध्याकाळी प्रत्येक घराच्या दोन झाडांची दोन पानं मांडायची, दिव्यानीनं एका पानावर बोट ठेवून विचारायचं, "इथी काय?" आणि रुखमाबाईंनी पाठमोऱ्या उभं राहून म्हणायचं, जाळी किंवा भुई. दुसऱ्या झाडाला उरलेलं. मग रातोरात पडणारा मोह कुठे पडतोय ते पडतोय. लटारूभाऊंना संध्याकाळी तिकडे फिरकायची बंदी. सकाळी त्यांच्यापुढे टोपल्या यायच्या त्या पानांनी झाकलेल्या, वर फक्त झाडाचा नंबर. त्यांनी तोलायचं, आपल्या वहीत लिहायचं आणि वही घरी न्यायची. दिव्यानीच्या वहीत जाळी कुठे होती ते, त्यांच्या वहीत वजन. दोन वह्या एकत्र होणार ग्रामसभेत, सगळ्यांसमोर.

आता बघा, उत्तर झाकून ठेवलं की माणसाची कशी चुळबुळ सुरू होते. गावात दुसरा विषय उरला नाही. बाया पाणी भरताना पैजा लावू लागल्या. गावातले पत्रूभाऊ, जे आजवर जाळीकडे बघतही नव्हते, ते संध्याकाळी पुकारणं ऐकायला तासभर आधी येऊन बसू लागले. लटारूभाऊ वही उशाखाली घेऊन झोपतात, अशी बातमी त्यांच्या सुनेनंच फोडली. आणि ओंजळी? दिव्यानी रोज प्रत्येक टोपलीतलं एक फूल चावून बघायची. जाळीच्या फुलात वाळूचा कण सापडला नाही.

ग्रामसभेच्या दिवशी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. दिव्यानीनं फळ्यावर दोन रकाने पाडले. लटारूभाऊ वजन वाचायचे, ती जाळी की भुई ते सांगायची आणि आकडा त्या त्या रकान्यात जायचा. पहिल्या दिवशी जाळी पुढे. एकच गलका. दुसऱ्या दिवशी भुई पुढे. पत्रूभाऊ उठून उभेच राहिले. तिच्या हातातला खडू घामानं ओला झाला होता. दहा दिवस असे वरखाली होत गेले आणि शेवटी बेरीज झाली. जाळी तीनशे सेहेचाळीस किलो, भुई तीनशे एकोणचाळीस.

"जिंकली जाळी," मागून कोणीतरी म्हणालं. रुखमाबाईंचे डोळे चमकले.

दिव्यानी फळ्याकडे बघत राहिली. सात किलो. दहा दिवसांत, चोवीस झाडांत, सात किलो. सहा दिवस जाळी वर, चार दिवस भुई वर. इथे थांबून हसलं असतं तरी कोणी काही विचारलं नसतं. दीडपटीचं स्वप्न बघून झालेलं, प्रबंधाला चांगला आकडा हवा होता, आणि गावही तिच्याच बाजूनं बसलेलं.

"नाई," ती म्हणाली. "एवढा फरक कसाबी पडते. अजून दहा दिवस मोजलं तं भुई पुढे जाईल. माझा अंदाज चुकला. जाळीनं मोह वाढत नाई." तिनं खडू खाली ठेवला. "पण कमी झाल्याचंबी काई दिसलं नाई."

रुखमाबाई म्हणाल्या, "कंबर वाचते. ते तुमच्या काट्यावर येत नाई."

लटारूभाऊ सावकाश उठले. वही त्यांनी काखेत धरली होती. "आल्यापासून ही पोरगी जाळी जाळी करून राह्यली. आज तिनं वाढते म्हटलं असतं, तं मी मानलं नसतं. तिच्याच तोंडानं ती वाढत नाई म्हणते. मंग कमी होत नाई म्हणते, ते मी मानतो." त्यांनी सभेवरून नजर फिरवली. "यंदापासून मोहाखाली काडी बंद. हात वर करा."

हात वर झाले. दिव्यानीनं मोजायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं होतं.

एक प्रश्न राहिला. जाळ्या बारा आणि घरं एकतीस. बाकीच्या जाळ्या ग्रामसभा पुढच्या मोहापर्यंत आणणार होती. या बारा आत्ता कोणाच्या? पत्रूभाऊंनी जाळ्यांच्या घड्या ओळीनं मांडल्या. सगळ्यांनी सवयीनं रुखमाबाईंकडे पाहिलं. रुखमाबाई उठल्या, पण भिंतीकडे गेल्या नाहीत. त्या दिव्यानीपाशी आल्या, तिच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"यंदा ही उभी राह्यते," त्या म्हणाल्या.

कोणी हरकत घेतली नाही. दिव्यानीच्या नाकासमोर समाजमंदिराची निळी भिंत होती आणि पाठीमागे अख्खं गाव. एकही जाळी सरकल्याचा आवाज आला नाही.

"हा कोणाचा?" पत्रूभाऊंनी विचारलं.

तिनं मागे वळून न बघता एका घराचं नाव पुकारलं.