गाडी बघायला गेलेले दोघं

सासऱ्यांची सकाळपासून नुसती येरझार चालली होती. खिशात बॅटरी, पांढरं फडकं आणि एक लोहचुंबक. सगळं जागच्या जागी आहे ना, हे ते पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला माणूस. काम सोडल्यापासून त्यांचा घरात जीव रमत नव्हता, आणि आज तर सुनेसाठी जुना पिकअप बघायला जायचं होतं.

सुनेची रोपवाटिका होती. आजवर ती भाड्याच्या टेम्पोवर भागवायची. पण मागच्या आठवड्यात टेम्पोवाल्यानं ऐनवेळी तोंडघशी पाडलं आणि एका हॉटेलच्या बागेसाठी काढून ठेवलेली रोपं भर उन्हात माना टाकून बसली. त्याच संध्याकाळी तिनं ठरवलं, आता स्वतःची गाडी. नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी. फोनवर तो म्हणाला, "बाबा आहेत ना बरोबर? मग मला काळजी नाही."

नेमकी तीच तिची काळजी होती. अलीकडे बाबा मागून हाक मारली तर वळत नसत. दार वाजलं तरी पेपरात डोकं. विचारलं की म्हणायचे, "लक्ष नव्हतं गं." नवऱ्याला सांगितलं तर त्यानं हसण्यावारी नेलं होतं.

जुन्या गाड्यांच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली पिकअप उभा होता. पांढरा, धुऊनपुसून चकाचक. विकणारा दलाल तोंडाचा फटकळ आणि बोलण्यात घडोघडी 'बिनधास्त'.

"बघा काका, बिनधास्त बघा. कालपासून हातसुद्धा लावला नाहीये गाडीला."

सासरे कामाला लागले तशी त्यांची अस्वस्थता कुठल्या कुठं गेली. वाकून खालची चासी बघितली. हौद्यातली रबरी चटई उचलून पत्रा गंजलाय का ते बघितलं. मग चुंबक दारावर फिरवायला लागले. एका जागी तो चिकटेना, घसरून खाली पडला.

"इथं पोचा बुजवायला लांबी भरलीये," ते म्हणाले. "पत्र्यानं मार खाल्लाय."

"किरकोळ हो. गेटला घासलं होतं जरा."

"आणि पुढचा टायर आतल्या बाजूनंच का झिजलाय? तोही गेटला घासला?"

दलाल हसला, पण घड्याळाकडे बघायला लागला. दुसरं गिऱ्हाईक निघालंय म्हणाला, नंतर मला दोष देऊ नका. सून कौतुकानं बघत होती. बाबांच्या हातात अजून सगळं आहे, असं वाटून तिला जरा धीर आला. सहज म्हणून तिनं बॉनेटवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. गाडी सावलीत, कालपासून बंद, आणि बॉनेट चांगलंच गरम!

तेवढ्यात दलालानं चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. सासऱ्यांनी डोळे मिटले, मान जरा कलती केली.

"लोण्यासारखं चाललंय," ते म्हणाले.

सून चमकली. आतून टकटक, टकटक असा आवाज स्पष्ट येत होता, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण एवढं तर कोणालाही ऐकू आलं असतं. दलालानं तिच्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम निवांतपणा पसरला. परक्या माणसासमोर हिनं काय बोलावं? गप्प बसावं तर गाडी गळ्यात पडणार. बोलावं तर बाबांची मान खाली जाणार.

"चला, एक चक्कर मारू," सासरे उत्साहानं म्हणाले, आणि तिला काही सुचायच्या आत ती मधल्या जागेवर बसलीसुद्धा. स्टिअरिंगवर सासरे, पलीकडच्या दाराशी दलाल.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर पुढे एक रिकामी हातगाडी रखडत चालली होती. तिला ओलांडायला सासऱ्यांनी गाडी बाजूला घ्यायला सुरुवात केली. मागून एक ट्रक जोरात येत होता आणि त्याचा हॉर्न एकसारखा वाजत होता. सासरे शांतपणे स्टिअरिंग वळवतच होते.

"बाबा, मागे!" ती ओरडली आणि तिनं त्यांचा दंड घट्ट धरला. स्टिअरिंग उलटं फिरलं. ट्रक आरशाला चाटून पुढे गेला.

सासऱ्यांनी गाडी कडेला लावली.

"काका, कानात बोळे घातलेत का?" दलाल खेकसला. "आख्ख्या रस्त्याला हॉर्न ऐकू आला, तुम्हाला नाही?"

"मलाही नाही आला," सून म्हणाली. धडधडीत खोटं, पण आवाज खणखणीत. "मला आरशात ट्रक दिसला म्हणून ओरडले. तुमचं इंजिन एवढं ठोकतंय की दुसरं काय ऐकू येणार? आणि कालपासून हात न लावलेल्या गाडीचं बॉनेट गरम कसं? थंड इंजिनाची खोड कळू नये म्हणून आम्ही यायच्या आधी तापवून ठेवलीत ना?"

दलालानं चावीसाठी हात पुढे केला.

गाडी त्याच्या हवाली करून दोघं बसथांब्यावर येऊन उभी राहिली. सासरे चपलेच्या टोकानं खडी उकरत होते.

"खरंच ठोकत होतं?"

"हो, बाबा."

"मला काहीच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "उजवा कान तर गेलाच आहे. डाव्याचंही काही खरं नाही. ट्रक काय मी हौसेनं सोडला? एकदा असंच झालं होतं, ट्रक मागे घेताना पाठीमागचा माणूस थोडक्यात वाचला. तुम्हाला मात्र सांगितलं, गुडघे दुखतात."

तिला राग आला, दयाही आली, आणि कशाला आधी वाट द्यावी ते कळेना.

"मग आज स्टिअरिंगला हात कशाला लावलात?"

"गाडी बघायला तू मला विचारलंस. मला फार बरं वाटलं गं."

बस आली तेव्हा ती म्हणाली, "कानाच्या डॉक्टरकडे जायचं. आणि तुमच्या लेकाला मी सांगणार."

"म्हातारा झालो म्हणेल."

"ते आम्ही दोघं कधीचेच म्हणतोय."

सासरे हसले नाहीत. पण बसमध्ये चढताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. एरवी घेत नसत.

पुढचा पिकअप एका धोबिणीचा निघाला. रंग विटलेला, मागचं फळकूट दोरीनं बांधलेलं. सासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं, आम्ही येईपर्यंत चावी लावायची नाही. इंजिन थंडगार होतं. दोनदा कुरकुरून ते सुरू झालं. सासऱ्यांनी तळवा बॉनेटवर ठेवला, सुनेनं कान दिला.

"सांग, कसं वाटतंय?"

"एकसारखं. मध्ये काही अडखळत नाही."

"हाताला पण तसंच लागतंय. धूर?"

"आधी जरा पांढरा होता, आता नाही."

"क्लच जायला आलाय हो," धोबीण आपणहून म्हणाली. "तो बदलावा लागेल. बाकी तुमचं तुम्ही बघा."

सासऱ्यांनी सगळं बघितलं आणि गाडी घेतली.

गाडी रोपवाटिकेवर नेताना चावी त्यांनी सुनेच्या हातात दिली. तिच्याकडे परवाना होता, पण एवढी मोठी गाडी कधी हाताळली नव्हती. चौकात सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. तिला दरदरून घाम फुटला.

"वाजवतायत का गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कान किटतील इतकं!"

"मग माझ्याकडे बघ. मला काही त्रास होतोय? क्लच सावकाश सोड."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता पाय आपसूक सैल पडला. गाडी एक हिसका देऊन पुढे सरकली. रोपवाटिकेच्या फाटकाशी वळण जरा आवळ पडलं, कुंड्यांची एक रांग चाकाखाली गेली. सासरे खाली उतरले आणि ती दुसऱ्यांदा वळण घेत असताना दोन्ही हात वर करून, इकडे, अजून इकडे, असं दाखवत राहिले.